नुकताच शेवटापर्यंत खेळलेला गेम : शेवटचा तिसरा हिस्सा टिकला का?

शेवटचे_पान

गेमविषयी जे लिहिले जाते त्यातले बरेचसे पहिल्या काही तासांवर उभे असते. परीक्षकाला मुदत पाळायची असते, विकत घेणाऱ्याला उत्साह आवरत नाही, आणि जे चिकाटीने शेवटापर्यंत पोहोचतात ते बहुधा काही न लिहिताच दुसऱ्या गेमकडे वळतात. त्यामुळे भक्कम सुरुवात आणि ढिसाळ उत्तरार्ध असलेल्या गेमची कीर्ती अबाधित राहते, आणि हळूहळू वर चढत जाणाऱ्या गेमवर मात्र 'कंटाळवाणा' असा शिक्का पहिल्या आठवड्यातच बसतो. म्हणून या धाग्याला एकच अट आहे. अलीकडे जो गेम तुम्ही पूर्ण केलात त्याविषयीच लिहावे, आणि त्याचा शेवटचा तिसरा हिस्सा आधीच्या दोन हिश्श्यांच्या तोलाचा होता का, हे सांगावे. रहस्यभेद होणार असेल तर परिच्छेदाच्या आरंभी तसे नोंदवावे.

सुरुवात मी करतो. लुकास पोप यांचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' हा २०१८ मधला गेम मी फार उशिरा हाती घेतला. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेले आणि मग बेपत्ता झालेले जहाज १८०७ मध्ये इंग्लंडच्या फाल्मथ बंदराला लागते आणि त्यावर एकही जिवंत माणूस नसतो. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने आलेले विम्याचे निरीक्षक असतो. मृतदेहाजवळ उघडले की त्या माणसाचा मरणक्षण गोठवून दाखवणारे एक घड्याळ आणि साठ जणांची नोंद असलेली एक वही, एवढेच आपले साहित्य. प्रत्येकाचे नाव कोणते, त्याचे काय झाले आणि कोणाच्या हातून झाले हे वहीत भरायचे असते. तीन नोंदी बरोबर जुळल्याशिवाय वही काहीच मान्य करत नाही, त्यामुळे अंदाजाने ठोकून देण्याची सोय जवळपास उरत नाही.

शेवटचा हिस्सा माझ्या मते सर्वांत सरस आहे. कप्तान, त्याची बायको, अधिकारी ही मंडळी लवकर ओळखू येतात. उरतात ते साधे खलाशी, ज्यांचे नाव कोणी घेत नाही. त्यांना ओळखायचे तर कोण कोणाच्या शेजारी बसतो, टांगलेल्या बिछान्यावर कोणता क्रमांक आहे, त्या बिछान्यातून कोणते जोडे डोकावत आहेत, हे पाहत बसावे लागते. गेम जसजसा संपत येतो तसतसे आपले लक्ष अधिकाऱ्यांवरून उतरून सर्वांत खालच्या माणसावर जाते, आणि तरीही तसे कोणी मुद्दाम बोलून दाखवत नाही.

अर्धवटराव

या अटीमुळे माझ्यासारख्यांना धाग्यातून सन्मानपूर्वक हाकलण्यात आले आहे, याची नोंद घ्यावी. सतरा गेम सुरू असून एकही पूर्ण नाही. वाचत राहतो.

तांडेल_दर्यावरचा

धागाकर्त्यांनी निवडलेले उदाहरण आमच्या घरच्या विषयाशी जुळते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ओब्रा दिनवरील खलाशांमध्ये भारतीयही आहेत, आणि प्रवासाच्या आरंभीच आजाराने दगावणारे दोघे त्यांच्यापैकीच आहेत. हा तपशील उगाच आलेला नाही. कंपनीच्या काळात भारतीय खलाशांची भरती सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत होत असे, सारंगाच्या हाताखाली तांडेल असे, आणि गोऱ्या अधिकाऱ्याचा साध्या खलाशाशी थेट संबंध फारच थोडा येई. कोकणातल्या अनेक घरांत बोटीवर गेलेल्या पूर्वजाची आठवण निघते, पण तो कोणत्या बोटीवर होता हे सांगता येत नाही. त्यामुळे नोंदवहीत एका सामान्य खलाशाच्या चेहऱ्यापुढे त्याचे पूर्ण नाव स्थिर होते तेव्हा मला जे वाटले ते केवळ कोडे सुटल्याचे समाधान नव्हते.

मात्र शेवटाबाबत मतभेद आहे. (रहस्यभेद.) जहाज सोडून परतल्यावर, नोंदी पूर्ण असतील तर, आधी हाती न आलेले एक प्रकरण आपल्याला पाहायला मिळते आणि जहाजावरच्या अनर्थाचा उरलेला दुवा कळतो. तोवर प्रत्येक उत्तर आपण स्वतः खणून काढलेले असते, आणि नेमके शेवटचे उत्तर मात्र पार्सलने घरपोच येते. मला ते खटकले.

मध्यरात्रीचा_चहा

'एल्डन रिंग' पूर्ण केला. २०२२ मधला हा गेम फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा आहे. दिग्दर्शन हिदेताका मियाझाकी यांचे, आणि त्या जगाचा पुराणकालीन इतिहास रचण्यात जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचा हात आहे. धागाकर्त्यांच्या कसोटीला याच्याइतके चपखल उदाहरण क्वचितच मिळेल.

पहिला हिस्सा, म्हणजे लिमग्रेव्हचे माळरान आणि स्टॉर्मव्हेलचा किल्ला, अप्रतिम आहे. किल्ल्यात शिरायला मुख्य दरवाजा आहे, बाजूची पडझड झालेली वाटही आहे, आणि दोन्हीकडून गेल्यावर किल्ला वेगळाच भासतो. मधला हिस्सा लेंडेल या राजधानीत पोहोचतो आणि शहराची रचना पाहूनच थक्क व्हायला होते. त्यानंतर एक भलामोठा पाळणा आपल्याला हिमाच्छादित पर्वतांवर नेऊन सोडतो, आणि तिथे गेम दमल्यासारखा वाटतो. प्रदेश मोठा आहे, पण विरळ आहे. पूर्वी ज्यांना मारले तेच शत्रू जास्त ताकद घेऊन पुन्हा समोर येतात. त्यांचा एकेक फटका इतका जबर असतो की तोवर शिकलेले कौशल्य कमी आणि नशीब जास्त लागते.

तरी संपूर्ण उत्तरार्ध टाकाऊ म्हणणार नाही. आकाशात तुकड्यातुकड्यांनी तरंगणारे फारुम अझुला हे नगर पर्वतांनंतर येते आणि आधीची सगळी मरगळ झटकून टाकते. शेवटची लढाई पुन्हा निराश करते, कारण तो प्राणी विस्तीर्ण मैदानात सतत दूर पळतो आणि आपण पायी त्याच्यामागे धावत राहतो. २०२४ मध्ये मोठी पुरवणी प्रसिद्ध झाली तेव्हाच्या पॅचमध्ये (म्हणजे निर्मात्यांनी नंतर दिलेल्या दुरुस्तीत) त्या लढाईत घोडा बोलावण्याची मुभा मिळाली, म्हणजे तक्रार निर्मात्यांनाही पटली असावी.

अर्धवटराव

वरील प्रतिसादातल्या त्याच पाळण्यातून वर गेलो होतो. थंडी वाजली म्हणून खाली उतरलो, तो आजतागायत खालीच आहे.

जुना_संगणक

हा आजार आजचा नाही. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'ची गोष्ट घ्या. ब्लॅक मेसा या संशोधन केंद्रात चुकलेला प्रयोग, कोसळणारे मजले, आपल्याला वाचवायला आले असे वाटणारे सैनिक आपल्यावरच गोळ्या झाडतात तो प्रसंग, हे सारे आजही शिकवण्याजोगे आहे. शेवटी मात्र नायक झेन नावाच्या परग्रहसदृश जगात जातो, आणि तिथे गेमचे मुख्य बळ, म्हणजे ओळखीच्या वाटणाऱ्या कचेऱ्या आणि बोगद्यांत घडणारा अनर्थ, हातचे सुटते. उरते ते तरंगत्या खडकांवर उड्या मारणे.

पुढचे अधिक मनोरंजक आहे. चाहत्यांच्या एका गटाने हा गेम नव्याने उभारायला घेतला आणि 'ब्लॅक मेसा' या नावाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, तो झेनचा भाग वगळून. तो भाग पूर्ण व्हायला आणखी सात वर्षे लागली. अखेर २०२० मध्ये संपूर्ण आवृत्ती आली, तेव्हा मूळचा सर्वांत दुबळा भाग सर्वांत देखणा झालेला होता. मी हल्लीच तो पूर्ण केला. झेन आता जरा लांबला आहे, विशेषतः त्यातला कारखाना काही केल्या संपत नाही, पण त्याला आता स्वतःचा निसर्ग आहे, वनस्पती आहेत, आणि तिथे आपल्या आधी पोहोचून राहिलेल्या शास्त्रज्ञांच्या खुणाही आहेत.

यावरून कारण उघड होते. गेमचा शेवट बहुधा शेवटी तयार होतो, जेव्हा पैसा आणि वेळ दोन्ही आटत आलेले असतात, आणि चाचणी घेणारेही सुरुवातीचे भागच अधिक वेळा खेळलेले असतात. ज्यांच्यावर मुदतीचे बंधन नव्हते त्यांनीच तो शेवट सुधारला.

सौ_टक्के

'जुना_संगणक' यांच्या मुद्द्याला 'बाल्डर्स गेट ३' मधून थेट पुरावा देता येईल. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओने या गेमचा पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्येच विक्रीला ठेवला होता, आणि पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. म्हणजे पहिल्या अंकावर हजारो खेळाडूंनी जवळजवळ तीन वर्षे हात फिरवला, चुका दाखवल्या, वाटा सुचवल्या. तिसऱ्या अंकाला ते भाग्य लाभले नाही. शहर अफाट आहे, प्रत्येक घरात काही ना काही घडते, परंतु पहिल्या अंकात आपल्या एखाद्या वात्रट निर्णयाची दखल जशी दहा ठिकाणी घेतली जाते तशी इथे घेतली जात नाही. शेवटची लढाई झाल्यावर सोबत्यांचा निरोपही आरंभी घाईत उरकला होता. नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचमध्ये, सहा महिन्यांनंतर सर्वांची पुन्हा भेट होते असा उपसंहार जोडण्यात आला. मी तो जोडल्यानंतर गेम पूर्ण केला, आणि त्याच्याशिवायचा शेवट कसा वाटला असता याची कल्पनाही करवत नाही.

दुसरा गेम 'क्लेर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३', एप्रिल २०२५ मधला, फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल या नव्या स्टुडिओचा. दरवर्षी एक चित्रकर्ती दूरच्या स्तंभावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसे धूळ होऊन विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने घटतो. इतकी विलक्षण कल्पना सुरुवातीलाच खर्च केल्यावर पुढे काय उरणार, असे मला वाटले होते. कथेच्या अंगाने शेवटचा हिस्सा उत्तम आहे आणि दोन शेवटांपैकी कोणता निवडावा यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. खेळण्याच्या अंगाने मात्र तोल जातो. तिसऱ्या अंकात सगळा नकाशा मोकळा होतो, इकडेतिकडे भटकून आपण इतके बलाढ्य होतो की शेवटचा प्रतिस्पर्धी आपले भाषण पूर्ण करण्याआधीच कोसळतो. ज्यांना शेवटची लढाई चुरशीची हवी असेल त्यांनी भटकंती नंतरसाठी राखून ठेवावी, असा सल्ला देतो. माझ्या सदस्यनामाकडे पाहता तो सल्ला मला स्वतःला पाळता आला नाही हे ओघानेच आले.

नुसती_वाचक

(रहस्यभेद आहे. 'रेड डेड रिडेम्प्शन २' खेळायचा राहिला असेल त्यांनी पुढचा प्रतिसाद गाठावा.)

हा गेम २०१८ चा असला तरी मी या उन्हाळ्यात पूर्ण केला. १८९९ चे अमेरिकी सरहद्दीवरचे जग, दरोडेखोरांची मोडत चाललेली टोळी, आणि तिच्यातला आर्थर मॉर्गन. कर्जवसुलीसाठी एका आजारी माणसाला मारहाण करताना त्याला क्षयाची लागण होते आणि त्या एका प्रसंगाची किंमत तो उरलेला सगळा गेम मोजत राहतो. इतक्या साध्या कार्यकारणावर इतकी मोठी शोकांतिका उभी राहिलेली मी गेममध्ये पाहिली नव्हती. सहाव्या प्रकरणात तो खोकत खोकत घोड्यावर चढतो तेव्हा खेळणाऱ्याची बोटेही जड होतात.

आणि मग तो गेल्यावर गेम संपत नाही. आठ वर्षे पुढे जाऊन दोन भागांचा लांबलचक उपसंहार सुरू होतो. त्यात आपण जॉन मार्स्टन म्हणून एका गोठ्यात शेण काढतो, गाईंच्या धारा काढतो, कुंपण ठोकतो आणि पुढे घर बांधतो. शोकाच्या शिखरावरून इतका वेळ सपाटीवर चालवत नेणे मला असह्य झाले. शेवटचा तिसरा हिस्सा टिकला, परंतु त्याच्यानंतर आलेल्या चौथ्याने त्याचे वजन घटवले, असे माझे मत आहे.

गिरणगाव

शेण काढण्यासाठी इतके पैसे मोजून गेम घ्यायचा? आमच्या मामाकडे हे काम फुकट मिळते, वर जेवणही मिळते.

गंमत बाजूला ठेवून, 'नुसती_वाचक' यांच्याशी असहमत आहे. (रहस्यभेद चालूच.) आर्थरने जीव दिला तो जॉनला दुसरे आयुष्य मिळावे म्हणून. ते आयुष्य कसे असते हे न दाखवता गेम संपला असता तर तो त्याग केवळ एक देखणा मृत्यू ठरला असता. धारा काढण्याचा कंटाळा हाच त्या त्यागाचा मोबदला आहे. शिवाय ज्यांनी २०१० चा पहिला गेम खेळला आहे त्यांना १९११ मध्ये त्या घरी काय घडणार आहे हे ठाऊक असते, त्यामुळे भिंतीला ठोकलेला प्रत्येक खिळा आपल्याला टोचतो.

नुसती_वाचक

मी पहिला गेम खेळलेला नाही. कदाचित आपल्या मतभेदाचे मूळ तिथेच असेल. पण दुसऱ्या गेमचा शेवट समजण्यासाठी पहिला खेळलेला असावा लागत असेल तर ती दुसऱ्याची उणीव मानावी लागेल.

पेठेतला_पाहुणा

अजून कोणी आपल्याकडच्या गेमचे नाव काढले नाही, म्हणून 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तो २०२० मध्ये आणला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि पुढे द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिचा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात आणि दुर्गा तिला शस्त्र देते. सगळी कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते. दोघे वरून पाहत असतात, तिच्याविषयी कधी चिंतेने तर कधी चेष्टेने बोलतात, आणि ही युक्ती मला फार आवडली. राजस्थानी किल्ल्यांचे जाळीदार सज्जे, भिंतीवरची पहाडी शैलीतली चित्रे, मधूनच छायाबाहुल्यांनी सांगितलेला कथाभाग, यांतले काहीही परदेशी नजरेसाठी मांडलेल्या प्रदर्शनासारखे वाटत नाही.

परंतु धागाकर्त्यांच्या कसोटीवर राजी उतरत नाही, हे पुणेकर असूनही मान्य करतो. (आम्हांला हे किती कठीण जाते ते सर्वज्ञात आहे.) पाच-सहा तासांचा गेम असूनही लढाया उत्तरार्धात एकसुरी होतात, उड्या मारण्याच्या जागा वाढतात, आणि महाबलासुराशी सामना झाल्यावर कथा मध्येच तोडल्यासारखी थांबते. पुढचा भाग येईल या आशेवर शेवट सोडणे पहिल्याच गेमला परवडत नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले आहेत. त्यांसह खेळल्यास बराच फरक पडतो, हे मात्र आवर्जून सांगेन.

मध्यरात्रीचा_चहा

राजीबाबत +१. भिंतीवरची चित्रे पाहण्यासाठी थांबण्याची जी सवय त्या गेमने लावली ती नंतर कुठेही उपयोगी पडली नाही, कारण इतर गेमच्या भिंतींवर पाहण्यासारखे काही नव्हते.

देवळांची_पायवाट

'पेठेतला_पाहुणा' यांच्या प्रतिसादावरून 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' आठवला. नॉटी डॉग या अमेरिकी स्टुडिओचा २०१७ मधला हा गेम पश्चिम घाटात घडतो. क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस या दोघी गणपतीच्या तुटलेल्या दाताच्या शोधात होयसळ राज्याचे अवशेष धुंडाळतात. परशुराम आणि गणपती यांच्या युद्धात दात कसा मोडला ती कथा क्लोई नदीनला सांगते, आणि ती ज्या जिव्हाळ्याने सांगते तो या मालिकेत नवा आहे, कारण शोध तिच्या वडिलांशी जोडलेला आहे.

माझी तक्रार वास्तूंबद्दल आहे. बेलूर आणि हळेबीडची देवळे मी निवांतपणे पाहिली आहेत. होयसळ शिल्पकाराने मऊ सोपस्टोन निवडला तो बारीक कामासाठी. देऊळ ठेंगणे, ताराकृती जोत्यावर बसवलेले, आणि अंगावरच्या दागिन्यातला मणीही वेगळा दिसेल इतके कोरीव. त्याची भव्यता जवळ गेल्यावर कळते. गेममध्ये मात्र डोंगर फोडून काढलेल्या महाकाय मूर्ती, त्यांच्यावरून कोसळणारे धबधबे आणि दऱ्यांवर लटकलेली नगरे आहेत. ते दृश्य सुंदर आहे यात वाद नाही, पण ते होयसळांचे नाही. हसन जिल्ह्यातले ते पठार एवढे घनदाट अरण्यही नाही.

शेवटचा हिस्सा विचाराल तर थरारक आहे, आगगाडीवरचा पाठलाग डोळ्यांचे पारणे फेडतो. पण हाच स्टुडिओ याच मालिकेच्या दुसऱ्या भागात आगगाडी वापरून बसला होता. म्हणजे ज्या गेमने मध्यावर जीप देऊन घाटात मोकळे फिरू दिले, वाटेल त्या अवशेषाकडे वळू दिले, तोच शेवटी जुन्या, सिद्ध झालेल्या रुळांवर परत गेला.

गिरणगाव

'रुळांवर परत गेला' यासाठी टाळ्या.

ओंटारियोकर

मी अगदी लहान गेमविषयी लिहितो, कारण वरची सगळी उदाहरणे मोठ्या आकाराची आहेत आणि दुखणे कदाचित आकाराचेच असेल. 'वेन्बा' हा टोरांटोच्या विसाई गेम्सचा २०२३ मधला गेम. एका बैठकीत संपतो. १९८८ मध्ये तमिळनाडूहून कॅनडात आलेले जोडपे, त्यांचा मुलगा कविन, आणि आईकडून मिळालेली फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही. पुसलेली पायरी कोणती असेल हे ओळखत पदार्थ करायचा, हेच कोडे. पहिल्याच प्रकरणात इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या हे समजावे लागते. आमच्या घरी हे पाहून सौ. म्हणाल्या की इतके तरी तुम्हाला गेममुळे कळले.

शेवटचा हिस्सा. (सौम्य रहस्यभेद.) मोठा झालेला कविन आईच्या वहीसमोर उभा राहतो आणि त्याला ती नीट वाचता येत नाही. तोवर जी वही आपण आईच्या नजरेने सहज वाचत होतो तीच आता त्याच्या नजरेने अडखळत वाचावी लागते. कोडे तेच, पण अडचण वेगळ्या ठिकाणी. नवा शत्रू नाही, नवी शस्त्रे नाहीत, फक्त वाचणारा बदलला. आमची मुलगी इथेच वाढली आहे. मराठी बोलते, वाचत नाही. तिने तो भाग माझ्या शेजारी बसून खेळला आणि काही न बोलता पुन्हा एकदा खेळला. या गेमला २०२४ मध्ये पदार्पणासाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होता.

सौ_टक्के

दीड तासाच्या गेमला 'शेवटचा तिसरा हिस्सा' म्हणजे अर्धा तास. तेवढा वेळ कोणीही दम टिकवू शकेल. साठ तासांच्या गेमशी तुलना न्याय्य नाही.

ओंटारियोकर

उलट ती तशीच व्हायला हवी. आपला दम किती आहे हे ओळखून तेवढ्याच लांबीचा गेम करणे, यालाही कौशल्यच लागते. शिवाय लघुकथेकडून आपण कादंबरीपेक्षा कमी अपेक्षा ठेवत नाही.

गिरणगाव

माझा पूर्ण झालेला गेम 'डिस्को एलिझियम', २०१९ चा. बंदरातल्या कामगारांचा संप चालू असलेल्या मार्टिनेज नावाच्या वस्तीत एक पोलीस अधिकारी दारूच्या नशेतून उठतो तो स्वतःचे नावही विसरून. खाणावळीमागच्या झाडाला एक प्रेत लटकलेले. एकही लढाई स्वतंत्र यंत्रणेने खेळायची नाही, सगळे बोलण्यातून. त्याच्या डोक्यातली चोवीस कौशल्ये आपापसांत भांडतात आणि त्यांतली निम्मी त्याला चुकीचा सल्ला देतात. १९८२ चा संप ज्यांच्या घरात होऊन गेला आहे त्यांना मालाच्या कंटेनरमध्ये कचेरी थाटून हसतमुखाने सौदे करणारा तो युनियनचा पुढारी परका वाटणार नाही. आणि तो पूर्ण खलही नाही, पूर्ण त्राताही नाही, हे विशेष.

(रहस्यभेद.) शेवटाबाबत मात्र माझे दोन्हीकडून आहे. ज्याने खून केला तो माणूस आपल्याला अखेरच्या टप्प्यापर्यंत भेटतच नाही. रहस्यकथेचा वाचक म्हणून फसवणूक वाटली. पण त्या वस्तीत जे काही बिघडले आहे ते पिढ्यांपूर्वी हरलेल्या क्रांतीमुळे बिघडले आहे, आणि खुनीही तिथूनच आलेला आहे, म्हणून दुसरा कोणी खुनी असता तर गेमच खोटा पडला असता.

तांडेल_दर्यावरचा

इथे मला ओब्रा दिनची बाजू घ्यावी लागेल, जरी त्याच्या शेवटावर मीच टीका केली होती. तिथे एकही उत्तर असे नाही ज्याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आधीच ठेवलेला नव्हता. 'डिस्को'मध्ये तपास उत्तम आहे पण निष्कर्ष आपला नाही. गुन्ह्याचा शोध म्हणून विकायचे आणि इतिहासाचे चिंतन म्हणून संपवायचे, यात खेळाडूशी केलेला करार मोडतो.

गिरणगाव

करार पहिल्याच दृश्यात मोडलेला आहे. ज्या पोलिसाला आपली पँट सापडत नाही त्याच्याकडून निष्कर्षाची हमी कोण घेतो?

नव्याने_आलेली

या धाग्याच्या मूळ कसोटीवरच आक्षेप घेते. २०१९ चा 'आउटर वाइल्ड्स' पाहा. छोटीशी सूर्यमाला, लाकडी पट्ट्या ठोकून केलेले यान, आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट. मग पुन्हा पहिल्यापासून. नवी शस्त्रे किंवा नवी ताकद मिळत नाही. आपल्याला काय कळले एवढेच एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाते. पहिल्या दिवशीच शेवटपर्यंत जाणे यांत्रिकदृष्ट्या शक्य असते, फक्त कसे जायचे ते माहीत नसते. अशा गेमचा शेवटचा तिसरा हिस्सा कोणता? मी पोकळ होत कोसळणारा ग्रह सर्वांत आधी पाहिला, माझ्या भावाने तो सर्वांत शेवटी पाहिला. त्याला सुरुवात निवांत वाटली, मला धडकी भरवणारी.

आणि ओब्रा दिनही याच जातीचा नाही का? घड्याळातून दिसणारे पहिलेच दृश्य वहीच्या 'शेवट' असे नाव असलेल्या प्रकरणातले आहे. कथेचा अंत आधी आणि आरंभ नंतर. धागाकर्ते ज्याला शेवटचा हिस्सा म्हणतात तो निर्मात्याने रचलेला नसून त्यांनी कोणाला कोणत्या क्रमाने ओळखले यातून तयार झालेला आहे.

शेवटचे_पान

'नव्याने_आलेली' यांचा आक्षेप योग्य ठिकाणी लागला आहे, तरी पूर्ण मान्य करत नाही. ओब्रा दिनमध्ये क्रम माझा असला तरी उतार निर्मात्याने दिलेला आहे. कप्तान सोपा आणि खलाशी अवघड हे पोप यांनी ठरवले, म्हणून कोणीही कुठूनही सुरुवात केली तरी अखेरीस त्याच माणसांपाशी पोहोचतो. आउटर वाइल्ड्स मी पूर्ण केलेला नाही, त्यामुळे माझ्याच अटीनुसार त्याविषयी गप्प बसतो.

'जुना_संगणक' आणि 'सौ_टक्के' यांनी दिलेले कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मात्र त्यावरून असेही दिसते की पॅचने शेवट सुधारता येत असेल तर पहिल्याच महिन्यात गेम पूर्ण करणारा सर्वांत कच्चा शेवट पाहतो. एल्डन रिंगमध्ये घोडा दोन वर्षांनी आला. बाल्डर्स गेटचा उपसंहार चार महिन्यांत आला. ज्यांनी आधी पूर्ण केले त्यांनी काय करावे?

अर्धवटराव

म्हणूनच मी काहीच पूर्ण करत नाही. उतावळेपणा बरा नव्हे.

नुसती_वाचक

एक व्यावहारिक प्रश्न विचारते. दिवाळीच्या सुटीत माझा धाकटा भाऊ घरी असेल. जुना लॅपटॉप आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आणि त्याला मारामारीचे गेम आवडत नाहीत. वरच्यांपैकी काय सुचवाल? शेवट चांगला असणे आवश्यक आहे, कारण तो मध्येच सोडणाऱ्यांपैकी आहे.

ओंटारियोकर

वेन्बा. लॅपटॉप जुना असला तरी अडणार नाही, आणि सोडायचे मनात येण्याआधीच संपेल. संध्याकाळी इडलीचे पीठ भिजवून ठेवा, कारण खेळल्यावर मागणी होणार.

तांडेल_दर्यावरचा

ओब्रा दिन द्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत रेखाटलेला असल्यामुळे त्याला फार ताकदवान यंत्र लागत नाही. प्रेते पुष्कळ आहेत, पण मारामारी आपल्याला करावी लागत नाही. दोघांनी मिळून खेळा, एकाने वही सांभाळावी. आणि कानात हेडफोन असू द्या, कारण मरणापूर्वीचे संवाद अंधारात ऐकू येतात आणि कोणता खलाशी कोणत्या भाषेत बोलतो यावरून बरीच नावे सुटतात.

नव्याने_आलेली

आउटर वाइल्ड्स त्या लॅपटॉपवर नीट चालणार नाही, म्हणून नाइलाजाने ओब्रा दिनला मत देते. उत्तरे इंटरनेटवर पाहू नयेत, एवढी एकच अट भावाला घाला.